पाट मांडला नव्हता

एकदा एक शिष्या भर दुपारी आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झाकण लावलेली काचेची चपटी बशी, डोळे रडून सुजलेले आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. गुरूंनी आधी चपलांकडे पाहिले, मग बशीकडे, आणि शेवटी तिच्या चेहऱ्याकडे.

"बशी त्या बाहेरच्या कोनाड्यात ठेव," ते म्हणाले, "आणि हात धू. साबण लावून."

अशा गोष्टींत नावे सांगायची पद्धत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे. कारण या गुरूंना गावात नावाने कुणी ओळखतच नसे. जन्मभर त्यांनी तिथल्या लहानशा महाविद्यालयात जीवाणूशास्त्र शिकवले, म्हणून ते सगळ्यांचे सर. त्यांच्या पत्नी सगळ्यांच्या काकू. शिष्येला मात्र आईवडिलांनी हौसेने ठेवलेले चांगले भारदस्त नाव होते. पण पहिल्याच भेटीत काकूंनी तिला 'ठमे' अशी हाक मारली आणि त्या नावाचे भारदस्तपण तिथेच संपले. सरांच्या निवृत्तीनंतरही ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पदवीचे संशोधन करत होती, आणि आठवड्यातून एकदा तरी त्या घरी तिचे पान असे.

हात धुऊन ती ओसरीवर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, तुमचा जीवाणू पांढरा पडला."

हे एवढेसे वाक्य तिला का जड गेले, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

काकू लग्न होऊन या घरात आल्या, त्याला आता चाळीसएक वर्षे झाली. त्या वर्षी दमट हवेच्या दिवसांत त्यांनी रात्री झाकून ठेवलेल्या भातावर सकाळी लाल थेंब उमटलेले दिसले. रक्ताचे शिंतोडे उडावेत तसे. शेजारच्या बायका जमल्या, माना हलल्या, आणि नव्या सुनेच्या हातात काहीतरी वाईट आहे असा निकाल लागला. सासूबाईंनी तिला चुलीपाशी यायला बंदी केली. कोवळी पोर, माहेर लांब. ती परसात बसून मुकाट्याने भांडी घासू लागली. सर तेव्हा नुकतेच शिकवायला लागले होते. त्यांनी वाद घातला नाही. सुईच्या टोकाने त्या भातावरचा एक थेंब उचलला, प्रयोगशाळेत नेऊन बशीत वाढवला, आणि तोच आणून आपल्या आईने स्वतः रांधलेल्या भातावर टोचून ठेवला. दोन दिवसांनी आईचा भातही लालभडक झाला. "आता सांग आई, हात कुणाचा वाईट?" एवढेच त्यांनी विचारले. त्या दिवसापासून सुनेला चूल परत मिळाली, आणि तो लाल रंगाचा जीवाणू सरांनी जन्मभर सांभाळला. काकू त्याला 'माझी सवत' म्हणत. पण कुणी त्याची चौकशी केली की डोळ्यांत पाणी त्यांच्याच येई.

निवृत्त होताना सरांनी ती 'सवत' एका नळीत घालून शिष्येच्या हाती दिली होती. "हिला थंड ठेव आणि उगाच हात लावू नकोस," असे सांगितलेही होते. पण जबाबदारी मोठी आणि माया त्याहून मोठी. तिचा जीव राहीना. दर सोमवारी ती जुन्या नळीतला थेंब नव्या नळीत घाली, ताजे अन्न देई, रंग पाही आणि मगच तिला चैन पडे. त्यातच उन्हाळ्यात वीज गेली ती अशी गेली की महाविद्यालयाच्या डीप फ्रीझरमधले राखीव नमुने सगळे नासले. उरली ती फक्त तिची नळी. आणि तिच्यातला लाल रंग आधी गुलाबी झाला, मग फिका झाला, आणि बघता बघता बशीवर भाताच्या शितांसारखे पांढरे ठिपके उरले. जीवाणू ठणठणीत होता, पूर्वीपेक्षा जोमाने वाढत होता. फक्त लाल व्हायचे विसरला होता. तिच्या पदवीचे सारे काम त्या रंगावर उभे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या रंगाने या घराचे एक जुने दुःख पुसले होते, आणि तो तिच्या हातून गेला होता.

"काय काय पाहिलंस?" सरांनी विचारले.

"सगळं. हा जीवाणू फार उबेत रंग धरत नाही, म्हणून आधी इन्क्युबेटरचं तापमान पाहिलं. अन्न बदललं, पाणी बदललं. शेवटी रंगाचं जनुकच वाचायला पाठवलं. आज सकाळी उत्तर आलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकही चूक नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. मग दोष उरतो कुठे, सर? माझ्या हातात. माझ्या हाताला गुणच नाही. मी उद्याच्या गाडीने घरी जाते. बाबांच्या दुकानात बसेन."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. मग बाहेर जाऊन कोनाड्यातली बशी झाकणावरूनच उजेडात तिरपी धरून पाहिली, जागच्या जागी ठेवली, स्वतःचे हात धुतले, आणि आत येऊन विचारले, "जेवलीस का?"

"भूक नाही."

"तुला विचारलं भूक आहे का? जेवलीस का, विचारलं."

ती कालपासून जेवली नव्हती. हे तिने सांगितले नाही, पण स्वयंपाकघरातून आमटीला फोडणी बसल्याचा आवाज आला तेव्हा तिच्या पोटाने परस्पर सांगून टाकले.

"अगं, ठमीचंही पान घे," सरांनी आत हाक दिली. आणि त्यानंतर त्यांनी जे केले ते काकूंना आजतागायत पूर्णपणे पटलेले नाही.

या घरात जेवण खाली, पाटावर बसूनच होई. मुलाने हौसेने आणलेल्या टेबलावर लोणच्याच्या बरण्या सुखाने नांदत होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला शिसवी पाट उभे करून ठेवलेले असत. पाट आडवा झाला, त्याच्यापुढे तांब्याभांडे आले, काकू "बसा" म्हणाल्या, की जेवणारा बसे. सरांनी ते सगळे पाट उचलले. एक काखेत, बाकीचे हातांत, असे परसात नेले, धुण्याच्या दगडाला टेकवून उन्हात ठेवले, आणि परत येऊन खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले.

"अहो! पाट कुठे चालवलेत?"

"ऊन द्यायला. ढेकूण झालेत."

"माझ्या घरात? ढेकूण?" काकूंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती परातीत पडली. "चाळीस वर्षांत या घरात ढेकूण शिरायची छाती झाली नाही, आणि आजच कसे आले?"

सर वर्तमानपत्रात बुडाले होते.

शिष्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत सगळे तयार होते. शेवग्याच्या शेंगांची आमटी रटरटत होती, भाताची वाफ दरवळत होती, ताटे वाढायला घेतलेली होती. पण पाट नव्हता. पाहुणीला नुसत्या फरशीवर बसवणे काकूंच्या शास्त्रात बसत नव्हते, आणि पाट मांडल्याशिवाय आपण होऊन बसणे शिष्येच्या आईने तिला शिकवले नव्हते. काकू पिठाच्या हातांनी अडकलेल्या, सर ढिम्म. मुलगी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी काकूंना राहवले नाही. त्यांनी तळलेली एक कुरडई तिच्या हातात कोंबली. "खा गं तोवर. तुझ्या सरांना आज म्हातारचळ लागलाय."

कुरडई संपली. आमटीवर साय धरू लागली. मग सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ठमे, जेवली का नाहीस अजून? आमटीत मीठ कमी आहे का?"

"नाही सर. म्हणजे, मी चाखलीच नाही."

"भात कच्चा राहिला असेल."

"कच्चा कशाला राहील?" काकू तडकल्या.

"मग स्वयंपाकात काही खोट नाही, तूही भुकेली आहेस, तरी अन्न जिथल्या तिथे. कारण काय?"

"पाट मांडला नाही," शिष्या जराशी चिडून म्हणाली. तिलाही आता भूक कळायला लागली होती. "कुणी बस म्हटलं नाही. कशी बसू?"

"म्हणजे कुणी आत येऊन नुसती आमटी तपासली, मीठ पाहिलं, शेंगा मोजल्या, तर तू का जेवली नाहीस हे त्याला कळेल?"

"नाही कळणार. सगळं ठीकच आहे म्हणेल—"

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर भिंतीच्या रिकाम्या जागेवर गेली, तिथून सरांकडे आली.

"तू जनुक कुठून वाचायला लावलंस?" सरांनी हळू आवाजात विचारले.

"पहिल्या अक्षरापासून."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी काही..." तिने कपाळावर हात मारला. "सर, त्याच्या आधीचं मी वाचलंच नाही."

"जा, पाट घेऊन ये आता. ऊन पुरे झालं त्यांना."

जेवणे सुरू झाली. तिने भाकरी संपवली, भात घेतला, आणि काकू आग्रह करण्याआधीच आमटी मागून घेतली. दुसऱ्या भाताच्या वेळी सर बोलू लागले. शिकवताना त्यांचा आवाज नेहमी थोडा खाली येई, वर्गात मागच्या बाकावरल्यांनाही पुढे वाकायला लागावे असा.

"जीवाणूच्या पोटात एक लांबच लांब मजकूर असतो, चार अक्षरांत लिहिलेला. त्यातला एक उतारा म्हणजे तुझ्या रंगाचं जनुक. पण मजकूर आपण होऊन काही करत नाही. त्याला एक वाचणारा लागतो. तो येतो, उतारा वाचत पुढे सरकतो, त्याची नक्कल उतरवतो. त्या नकलेवरून प्रथिनं घडतात, आणि त्या प्रथिनांच्या हातून लाल रंग तयार होतो. मजकूर म्हणजे हा स्वयंपाक समज, आणि वाचणारा म्हणजे पाहुणा. पोटात अन्न गेल्यावर तुझ्या चेहऱ्यावर आता जो रंग आलाय ना, तो झाला आपला रंग. दृष्टांत एकदेशीच असतो, फार ताणू नकोस. पण आजच्यापुरता चालेल. हा पाहुणा बसतो कुठे? उताऱ्याच्या आधी काही अक्षरं असतात. त्यांतून काही घडत नाही, प्रथिनात त्यांचा अंशही उतरत नाही. ती फक्त सांगतात, इथे बस, इथून सुरुवात कर. तो पाट. त्यातलं एखादं अक्षर बदललं की वाचणारा येतो, घुटमळतो आणि निघून जातो. मजकूर जशाचा तसा, आणि रंग नाही."

"पण सर, ठिपके अगदी पांढरे नाहीत," ती आठवून म्हणाली. "नीट पाहिलं तर मधोमध किंचित गुलाबी झाक आहे. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना भास होतोय."

"भास नाही. मीही पाहिली आता. म्हणून तर पाट उचलले. ती झाक म्हणजे तुझ्या काकूंनी दिलेली कुरडई. पाट नसला तरी एखादा पाहुणा उभ्या उभ्या घासभर खाऊन जातो. तेवढ्याने कुणाचं पोट भरत नाही, पण स्वयंपाक झालाय एवढं मात्र कळतं."

काकूंनी मध्येच विचारले, "आणि मी आमटीत मिठाऐवजी साखर घातली असती तर?"

सर खूश झाले. जन्मभर शिकवलेल्या माणसाला चांगल्या प्रश्नाइतके पक्वान्न दुसरे नसते. "मग पाहुणा जेवला असता, पण प्रथिन भलतंच झालं असतं. अक्षर कधी मजकुरातलंही बदलतं. कधी त्याने काहीच बिघडत नाही, कोथिंबीर जाड चिरल्यासारखं. कधी मध्येच थांबायची खूण उमटते आणि पाहुणा अर्ध्या जेवणावरून उठतो. ठमी महिनाभर हेच शोधत होती. तिचं शोधणं चुकलं नाही, जागा चुकली."

शिष्येने मान खाली घातली. "पण अक्षर बदललं ते माझ्यामुळेच ना? खरं सांगा सर."

इथे एखाद्याने तिची समजूत घातली असती. सरांनी तिला खरे सांगितले, कारण त्यांचे तिच्यावर प्रेम होते.

"अक्षरं आपोआप बदलत असतात; लाखो करोडो वेळा नक्कल करताना कुणाचाही हात एकदा घसरतो. ते तुझ्या हातात नाही. पण रंग करायला जीवाणूला कष्ट पडतात. ज्याचा रंग गेला त्याचे कष्ट वाचले, तो भरभर वाढला. तू दर सोमवारी नव्या नळीत घालत राहिलीस, आणि दर वेळी त्या ऐतोबाचंच फावलं. थंड ठेवून दिला असतास तर तो एखाददुसराच राहिला असता. तेव्हा हो, तेवढा वाटा तुझा. कुणाला जपायचं म्हणजे त्याला सारखं उकरून पाहायचं नाही, एवढं यातून शीक. पण हाताला गुण नाही, हे मात्र पुन्हा बोलू नकोस. या घरात ते वाक्य एकदा बोलून झालंय."

काकूंनी तिच्या ताटात न विचारता तूप वाढले. "मला चुलीपासून उठवलं होतं ना, तेव्हा मलाही वाटायला लागलं होतं, असेल बाई माझाच हात वाईट," त्या म्हणाल्या. "चार जणांनी म्हटलं की आपलंही मन फितूर होतं. तुला तर कुणी म्हटलंसुद्धा नाही. तूच म्हणत बसलीस." आणि एवढे बोलून त्यांनी पदराने तिचे नाक पुसले, ती चांगली संशोधन करण्याएवढी मोठी मुलगी असताना.

शिष्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली नाही. तिने जनुकाच्या आधीचा भाग वाचायला पाठवला. उत्तर आले, आणि तिला अंदाज होता तिथेच, वाचणारा जिथे टेकतो त्या अक्षरांमध्ये, 'टी' असायला हवा तिथे 'सी' होता. एवढ्या प्रचंड मजकुरात एक अक्षर. आणि त्याने घरचा रंग गेला होता. मग तिने बरोबर अक्षराचा एक छोटा तुकडा करवून घेतला आणि तो जीवाणूत घालून जुन्याच्या जागी बसवायच्या खटपटीला लागली. ते सोपे नव्हते. तुकडा आत जाईना, गेला तर टिकेना, टिकला तर भलतीकडे बसे. ती अधूनमधून सरांकडे येई, जेवे, तक्रारी सांगे आणि परत जाई. घरी जायचे नाव मात्र पुन्हा निघाले नाही.

दिवाळीनंतर सरांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. काळा चष्मा लावून ते ओसरीवर बसून राहत आणि वर्तमानपत्र काकूंना वाचायला लावून त्यांच्या उच्चारांच्या चुका काढत.

अशाच एका दुपारी फाटक वाजले. पावले ओळखीची होती, पण नेहमीसारखी "सर" अशी हाक आली नाही. बाहेरचा नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. कुणीतरी साबण लावून, कोपरापर्यंत, अगदी नियमाप्रमाणे हात धूत होते. मग पावले ओसरीवरून सरळ स्वयंपाकघरात गेली. काकू काहीतरी विचारू लागल्या आणि मध्येच थांबल्या. शिसवी पाट भिंतीपासून निघाल्याचा आणि फरशीवर आडवा झाल्याचा आवाज आला. तांब्यावर भांडे ठेवल्याचा आवाज आला.

शिष्या बाहेर आली. तिचे हात रिकामे होते. प्रयोगशाळेतली बशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा नियम दुःखात पाळायचा तसा आनंदातही पाळायचा असतो. तिने सरांचा हात धरला, त्यांना सावकाश आत नेले, आणि पाटापाशी उभे केले. तिला बरेच काही सांगायचे होते. निघाले ते दोनच शब्द.

"सर, बसा."

सर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी पाटाच्या कडा चाचपल्या. पट्टी बांधलेल्या डोळ्यातून पाणी काढायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, ते बहुधा त्यांना आठवले असावे, कारण ते लगेच हसले.

"ऐकलंस का गं?" ते काकूंच्या दिशेला तोंड करून म्हणाले. "तुझी सवत परत आली."

काकूंनी हातातला डाव खाली ठेवला. "आली का मेली एकदाची!" असे म्हणून त्यांनी ठमीला जवळ ओढले, आणि मग भिंतीपासून आणखी दोन पाट काढून मांडले.